टाच उचललेला गणपती

आमच्या मांगरात पावसाळ्यात गणपती राहायचे आणि बाकीचं वर्षभर लाकूड. मांगर म्हणजे घरामागची चिऱ्यांची, नळ्यांच्या कौलांनी शाकारलेली मोकळी खोली. लोक तिथे गुरं नाहीतर गवत ठेवतात, पण बाबांनी तिथे आपलं दुकान मांडलं होतं. ते हाडाचे सुतार. दारं, खिडक्या, होडीची डागडुजी, लग्नाचे पाट, काय सांगाल ते करून द्यायचे आणि सगळी वाडी त्यांना मेस्त्री म्हणायची. आषाढ सरत आला की मात्र ते करवत-रंधा वर टांगून ठेवत आणि खाडीकडच्या मळ्यातली चिकण माती आणून तिचा ढीग कोपऱ्यात घालत. मग सकाळपासून ती माती मुसळाने कुटायचा धप धप आवाज सुरू व्हायचा. पलीकडे समुद्राची गाज, अलीकडे हा धप धप, आणि मधे आईचं कुणावर तरी करवादणं. माझ्या लहानपणाचा आवाज कोणता असं विचारलंत तर मी हा सांगेन.

आमच्याकडे गणपती बाजारातून निवडून आणत नसत. घरोघरचा पाट ठरलेला असायचा. नागपंचमीच्या सुमाराला ज्याचा त्याचा माणूस आपला पाट डोक्यावर घेऊन यायचा, मांगराच्या भिंतीला टेकवायचा, आईच्या हातचा चहा नाहीतर हळदीच्या पानातली पातोळी खाऊन निघून जायचा. गणपती कसा हवा ते सांगायचंच नसे. कुणाचा उंदरावर, कुणाचा नागावर, कुणाचा नुसताच मांडी घालून. आजोबांच्या वेळी जसा होता तसाच तो दरवर्षी त्याच पाटावर बसायचा. पाटाच्या पाठीवर खूण असे, ती बघून बाबांना घर कळायचं आणि घर कळलं की देव कळायचा. मी करवंट्यांतून रंग कालवून द्यायची. नखं आणि दागिन्यांचे ठिपके माझ्याकडे असत. डोळे मात्र बाबाच रेखायचे, पहाटे, अंघोळ करून, तोंडाला कुलूप घातल्यासारखे गप्प राहून.

त्या वर्षी उन्हाळ्यात मिंगेल आला नसता तर हे प्रकरण मला लिहावंच लागलं नसतं. मिंगेल मालवणचा, बाबांसारखाच सुतार, रविवारी चर्चला जाणारा आणि सोमवारी कामाला दांडी मारणारा. गोव्यात कुठल्याशा जुन्या चर्चच्या वेदीला वाळवी लागली होती आणि कोरीव कामाला हात कमी पडत होते. "मेस्त्री, थंय येवन बघ तरी," तो म्हणाला. "तुज्या हाताक हय काय काम आसा? खिडक्ये नि पाट." आईला ते बोलणं आवडलं नाही, कारण खिडक्या आणि पाटांवरच आमचं घर चाललं होतं. पण बाबा गेले. ते गेले तेव्हा काजू संपत आले होते आणि परत आले तेव्हा आईने आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची, सगळी बेगमी करून ठेवली होती, सुकी मासळी मडक्यात, कोकमं बरणीत, जळाऊ लाकूड माळ्यावर. बाबांनी त्यातल्या कशाकडेही बघितलं नाही. उकड्या तांदळाची पेज पुढे घेऊन बसले आणि बोलायला लागले. आमचे बाबा जेवताना बोलत नसत, म्हणून मला ते पक्कं आठवतं.

ते म्हणाले, तिथले खांब सरळ नाहीत. ओल्या कपड्याला पीळ द्यावा तसा लाकडाला पीळ दिलेला, त्या पिळाबरोबर द्राक्षांचे वेल वर चढलेले, आणि सगळ्यावर सोनं. त्यांचं काम त्या वेलांवरचंच होतं, किडीने खाल्लेली द्राक्षं काढायची आणि नवी कोरून बसवायची. वर लाकडात कोरलेली एक संतीण होती. खिडक्या बंद, आत वाऱ्याची झुळूक नाही, आणि तिचा पदर उडत होता. एक पाय पुढे, मान वळलेली, तोंड अर्धं उघडं, कुणीतरी हाक मारली आणि ही वळली तेवढाच तो क्षण. "जीव आसा गो तेच्यात," बाबा आईला म्हणाले. आई म्हणाली, "पेज निवता." संध्याकाळी तिथे गाण्याची तालीम चालायची, तेही त्यांनी सांगितलं. एक आवाज पुढे जातो, तेच सूर घेऊन दुसरा त्याच्या पाठी लागतो, मग तिसरा, कुणी कुणाला गाठत नाही आणि तरी सगळं एकत्र बसतं. आपल्या भजनात बुवा सांगतो आणि बाकीचे उचलतात, हे तसं नव्हे म्हणाले. पुढे कितीतरी दिवस रंधा मारताना ते त्यातलं काहीतरी गुणगुणत असत आणि एकटेच असल्यामुळे पहिल्याच आवाजाला अडायचे.

दुरुस्तीवर देखरेख करायला पणजीहून एक बाई येत. त्यांनी बाबांना सांगितलं होतं की या सगळ्या घडणीला बरोक म्हणतात, आणि हा शब्द वाकड्या मोत्यावरून आला असं मानतात. गोल मोती तसा गोल असतोच, वाकड्याकडे मात्र फिरवून फिरवून बघावं लागतं. हे बाबांच्या डोक्यात घट्ट बसलं. मी पुढे कॉलेजात गेल्यावर ग्रंथालयातल्या जाडजूड पुस्तकांत या शैलीबद्दल वाचलं. नाट्य, गती, उजेड-अंधाराचा खेळ, बघणाऱ्याच्या मनाला हात घालणं, असं बरंच लिहिलं होतं. वाचताना मला सारखं वाटत होतं की हे मी आमच्या चुलीपुढे ऐकलंय आणि तेव्हा ते जास्त चांगलं कळलं होतं.

आता तात्या आणि काकींबद्दल सांगायला हवं. वाडीतलं पहिलं घर त्यांचं. त्यांचा पाट सगळ्यात मोठा आणि पहिल्या दिवशी सगळ्या वाडीची आरती त्यांच्याकडे. त्यांचा एकुलता मुलगा मोहन, लग्नाचं बघत होते त्याचं, चैत्र-वैशाखाच्या सुमाराला मासेमारीच्या बोटीवर गेला आणि बोट परत आली नाही. फळ्या मिळाल्या, एक डबा मिळाला, माणसं मिळाली नाहीत. बाकीच्या घरांनी महिन्याभरात जे करायचं ते केलं. काकींनी करू दिलं नाही. त्यांनी सुतक धरलं नाही, मोहनचा सदरा दोरीवरून काढला नाही, आणि रोज त्याच्या वाटणीची भाकरी जास्त थापायच्या. लोक मागे बोलायचे, तोंडावर कोण बोलणार. नागपंचमीला तात्या पाट घेऊन आले तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच धक्का बसला, कारण ज्या घरात माणूस गेलंय त्या घरात त्या वर्षी गणपती येत नाही. पाट आला याचा अर्थ मोहन जिवंत आहे. तात्यांचं तोंड बघून कळत होतं की हा अर्थ त्यांचा नाही.

"गणपती हाडूचो आसा," ते बाबांना म्हणाले. "ती ऐकणा नाय."

"नेहमीसारखोच ना?" बाबांनी विचारलं.

"तुका बरो दिसता तसो कर रे. ह्या वर्सा माजा चित्त थाऱ्यार नाय."

हे वाक्य तात्यांनी नुसतं टाळण्यासाठी म्हटलं होतं. बाबांनी ते उचललं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना तुला बरा दिसतो तसा कर म्हणालं होतं, आणि गोव्याहून आल्यापासून त्यांचे हात शिवशिवत होते. बाकीचे सगळे गणपती त्यांनी भराभर, नेहमीसारखे करून टाकले. तात्यांच्या पाटाला मात्र दाराजवळची उजेडाची जागा दिली. आधी चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, कांबी आणि काथ्याचा सांगाडा बांधला, कारण त्या मातीला आता बसायचं नव्हतं. धड डावीकडे झुकलं, खांदे उजवीकडे वळले, मान त्याहून जास्त वळली. एक पाय मांडीतून सुटून पाटाच्या कडेला टेकला. तसा पाय सोडलेले गणपती पुष्कळ असतात, पण याची टाच उचललेली होती, भार चवड्यावर होता आणि एक हात पाटावर रेटलेला. पाठीमागे शेला उडत होता. श्रावणातली हवा, माती सुकायचं नाव घेईना, शेल्याला तडा जायचा आणि बाबा ओलं फडकं लावून तो पुन्हा सांधायचे. घड्यांच्या खोलात त्यांनी काळपट रंग भरला आणि कडांना सोनेरी, त्यामुळे पावसाळी अंधारातही कडा पेटल्यासारख्या दिसायच्या. मी रंग कालवायचं विसरून बघत बसायची. इतकं सुंदर काही मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसं नाही.

आईने एक दिवस भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी येऊन ते बघितलं.

"तुमी ह्यां काय मांडलास? देवाक असो उठवन ठेवतत काय खंय?"

"उठवक नाय. येता तो," बाबा म्हणाले. "आता पाय टेकता बघ. तात्याच्या घरात दार देवाच्या उजव्या बाजूक आसा. तो दाराकडे बघता. मोहनाची वाट बघता."

आईने हाताचं पीठ पदराला पुसलं. मग म्हणाली, "ह्यां तात्यांक सांगलास?"

"सांगूक कित्या होया? बघल्यार कळात."

हे वाक्य मी आयुष्यभर घोळवलं आहे. बघितल्यावर कळेल. त्या पुस्तकांतही हेच लिहिलेलं असतं, की ही कला अडाणी माणसालाही न सांगता कळावी म्हणून घडवली गेली. आता माझा नातू मोबाईलवर त्या चर्चचे फोटो दाखवतो, बोटांनी मोठे करून दाखवतो, आणि विचारतो, आजी, हे असं का वळलंय. मुलांना विचारता येतं. मोठी माणसं विचारत नाहीत, त्यांना लगेच काहीतरी कळून जातं.

हरितालिकेच्या संध्याकाळी तात्यांच्याकडचे दोघे येऊन झाकलेला गणपती घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पूजा झाली तेव्हा काकी चुलीपाशीच होत्या, आणि दुपारी सगळी वाडी आरतीला जमली. त्यांच्या माजघरात वर माटवीची लाकडी चौकट बांधलेली, तिला नारळ, सुपारीचे घोस, रानातली कवंडळं, तेरड्याची फुलं. आतून काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा आणि मोदकांच्या उकडीचा वास येत होता. आम्ही दारात उभे होतो, बाबा, आई आणि मी, म्हणजे नेमके तिथे, जिकडे देव बघत होता. त्यामुळे मला वाटलं की तो माझ्याकडेच बघतोय, आणि मला भरून आलं. बाबांचा चेहरा तर मी विसरणार नाही. स्वतःच्या हातचं काम पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरात बघताना माणूस जसा कोवळा होतो तसे ते झाले होते.

काकी देवासमोर बसल्या होत्या. आरतीला त्या निरांजन घेऊन उठल्या. दोनदा ओवाळलं, मग थोड्या डावीकडे सरकल्या. मग उजवीकडे. झांजा चालू होत्या, म्हणून आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या वाकून बघत होत्या, टाचा उंचावून बघत होत्या. तिथून देवाचा फक्त कान दिसत होता आणि गालाची कड. हळूहळू झांजा थांबल्या.

"हो माज्याकडे बघणा नाय," काकी म्हणाल्या.

"अगो, तसोच केलेलो आसा," तात्या म्हणाले.

"मगे खंय बघता?"

त्यांनी त्याच्या नजरेच्या रेषेत मान वळवली आणि त्यांना दार दिसलं. दारात आम्ही. मग त्यांची नजर खाली त्या उचललेल्या टाचेवर आणि पाटावर रेटलेल्या हातावर गेली. मी मनात म्हणत होते, आता कळेल, आता कळेल.

"हो चललो," काकी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, भात शिजला म्हणावं तसा. "आजच इलो नि आजच उठान चललो."

बाबा पुढे झाले. "काकी, चललो नाय. येता तो. मोहनाची वाट बघता."

काकींनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मेस्त्री, येणारो पाटार कसो असात रे? पाट आमचो. पाटार बसलेलो उठता तो जाऊकच ना?"

बाबा पाटाकडे बघत राहिले. त्या चर्चमधल्या संतिणीच्या पायाखाली ढग होता. ढगावरचं माणूस येतंय म्हणा, जातंय म्हणा, कुठेही जायला मोकळं. आमच्या देवाच्या पायाखाली घराचा पाट. जो त्या पाटावर आहे तो आलेलाच असतो, आणि आलेल्याने पाय खाली टाकला की तो निघतो. हे वाडीतल्या शेंबड्या पोराला कळत होतं. जन्मभर पाट घडवणाऱ्या माणसाच्या तेवढं ध्यानात राहिलं नाही, कारण त्याचं ध्यान पिळाच्या खांबांत अडकलं होतं.

काकींनी आरती पुरी केली. रोजच्या पूजा, नैवेद्य, काहीही चुकवलं नाही. पण आईने सांगितलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी दोरीवरचा सदरा काढून घडी करून ठेवला. गौरींबरोबर गणपती खाडीत गेला तेव्हा पाऊस होता. पाण्यात ठेवल्यावर मातीचा देव बसल्या जागी विरघळतो, पण याचा शेला आधी सुटला आणि आतली चिव्याची कांब उघडी पडली. परतताना रिकामा पाट तात्यांनी स्वतः डोक्यावर घेतला. काकी मागून चालत होत्या. घराच्या पायरीवर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता झिलाचा करून घेवया." म्हाळाचा, म्हणजे पितरांचा, पंधरवडा लागायच्या आत भटजींना बोलावून, मोहनच्या नावाने दर्भाचा पुतळा करून, समुद्राकाठी त्याला अग्नी दिला. बाबा गेले होते. परत येऊन विहिरीवर अंघोळ केली आणि ओलेच मांगराच्या उंबऱ्यावर बसले.

"मी येणारो केल्लंय गो," ते आईला म्हणाले. आई त्यांच्या अंगावर पंचा टाकून आत गेली. तिने त्यांना बोल लावला नाही. कुणीच लावला नाही. उलट तात्या एकदा म्हणाले की बरं झालं, तिचं मन सुटलं एकदाचं. वाडीत पुष्कळांना तसंच वाटत होतं. बाबांना ते ऐकवत नसे. पोराची वाट बघणाऱ्या बाईला त्यांनी सोबत म्हणून देव दिला होता, आणि त्या देवाने तिचं वाट बघणं तेवढं काढून नेलं.

पुढच्या नागपंचमीला पाट सगळे आले, तात्यांचा सोडून. त्यांच्याकडे वर्ष झालं नव्हतं. बाबांनी गणपती केले, सगळे सरळ, सगळे समोर बघणारे, आणि करताना ते गुणगुणले नाहीत. मिंगेल पुन्हा बोलवायला आला होता. त्याला चहा दिला आणि लाकडाच्या भावाबद्दल बोलून वाटेला लावलं. त्याच्या पुढच्या वर्षी तात्या पाट घेऊन आले आणि म्हणाले, "बसलेलो कर." बाबांनी तसा केला, दोन्ही पाय वर घेतलेला. आणखी काही वर्षांनी त्यांनी साचे आणले. साच्यातून निघालेला गणपती बघून आई म्हणाली की काम हलकं झालं. डोळेसुद्धा मग मीच रेखायला लागले, कारण बाबा म्हणायचे, डोळ्यांना दिसत नाही. दिसत होतं. सुईत दोरा ते स्वतः ओवायचे.

मी एकुलती, म्हणून लग्नानंतरही आम्ही बाबांच्याच घरी राहिलो. मी एकदा ते चर्च बघून आले, नवऱ्याबरोबर, मुलं मोठी झाल्यावर. बाबांनी बसवलेली द्राक्षं ओळखता येतील असं वाटलं होतं, पण सोन्याखाली नवं-जुनं सगळं एकच झालं होतं. संतीण होती तशीच होती. मी बाकावर बसून तिच्याकडे पुष्कळ वेळ बघितलं. ती कुणाच्या हाकेला वळली होती की कुणाचा निरोप घेऊन निघाली होती, हे मला सांगता येईना. बाबांना इतकी खात्री कशी वाटली होती, हेही कळेना. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "बघलंस?" मी म्हटलं, बघितलं, खूप सुंदर आहे.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी गणपतीत काकी आमच्याकडे दर्शनाला आल्या. तात्या कधीच गेले होते, काकी काठी टेकत आल्या होत्या. मांगर तोवर आम्ही पर्यटकांना खोली म्हणून द्यायला लागलो होतो. तोंडवलीच्या किनाऱ्यावर जाणारे लोक तिथे राहतात, मातीच्या ढिगाच्या जागी त्यांच्या बॅगा पडलेल्या असतात. आमचा गणपतीही आता बाहेरून येतो, रंगवून तयार. काकींनी नमस्कार केला, खुर्चीत बसल्या, करंजीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ तो हातातच धरून ठेवला.

"तुज्या बापसान इतके गणपती केल्यान," त्या म्हणाल्या, "माका एकच याद आसा. बाकीचे मातयेचे. तो खराच उठान गेललो."

मी म्हटलं, "काकी, ह्यां तुमी बाबांक कधी सांगूक नाय."

"सांगान काय करतलंय गो?" त्या म्हणाल्या. "गेललो तो गेललोच."

त्या निघाल्या तेव्हा मी त्यांना पायरीपर्यंत पोचवून परत फिरले आणि दारातच उभी राहिले, पूर्वी तात्यांच्या घरी उभे होतो तशी, देवाच्या उजव्या हाताला. आतमध्ये सून आरतीचं ताट लावत होती. आमचा गणपती मांडी घालून नीट समोर बघत होता. दारातून त्याचा फक्त कान दिसत होता.